“आई, मला न्यायला या”

बेंगळुरूच्या एखाद्या सैन्य प्रशिक्षण केंद्रातून रविवारी दुपारी गडहिंग्लजला किंवा जतला फोन लागतो आणि पलीकडून एवढंच ऐकू येतं, “आई, मला न्यायला या.” पुढं नुसता नाक ओढल्याचा आवाज. त्या घरात रात्री कुणाला जेवण जात नाही. आणि सोमवारी सकाळी कुणीतरी विचारतंच, “गाडी काढू या का?”

मी गेली बावीस वर्षं बेंगळुरूत, अलसूर तलावापासून चालत दहा मिनिटांवर राहते. गावाकडची मुलं भरती होऊन इथं आली की त्यांचे आईवडील आमच्याकडे उतरतात. माझ्या बहिणीचा मुलगाही इथंच रंगरूट होता. असा फोन आला की घरच्यांनी काय करायचं, हे आम्ही चुकत चुकत शिकलो. ते आपल्या कामी यावं म्हणून पहिल्या दिवसापासून क्रमानं सांगते.

आधी थोडी ओळख. रंगरूट म्हणजे भरती झालेला, पण अजून प्रशिक्षण पुरं न झालेला शिकाऊ जवान. बेंगळुरूत अशा रंगरुटांची बरीच केंद्रं आहेत. सैन्याला रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचं म्हणजे एएससीचं, अलसूरचं मद्रास इंजिनिअर ग्रुपचं, पॅराशूट रेजिमेंटचं, पायोनियर कोअरचं आणि लष्करी पोलिसांचं, ज्याला सीएमपी म्हणतात. मुलीही इथं येतात. लष्करी पोलिसांच्या पहिल्या तुकडीतल्या 83 मुलींनी 61 आठवड्यांचं प्रशिक्षण पुरं करून 8 मे 2021 रोजी इथंच शपथ घेतली. म्हणून पुढं मी ‘मुलगा’ म्हटलं तरी मुलीही त्यात धराव्यात.

2022 साली अग्निपथ योजना आली. तेव्हापासून जवानांची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांना अग्निवीर म्हणतात. वय साडेसतरापासून पुढं. मूल अठराच्या आत असेल तर अर्जावर आईवडिलांची सही लागते. प्रशिक्षण साधारण 31 आठवड्यांचं असतं. बहुतेक शाखांत त्यातले पहिले 10 आठवडे मूलभूत, म्हणजे धावणं, कवायत, शस्त्राची ओळख, शिस्त. उरलेले आठवडे त्या त्या शाखेच्या कामाचे. घरची आठवण सगळ्यात जास्त छळते ती या पहिल्या भागात.

ही आठवण म्हणजे मुलाचा कमकुवतपणा नव्हे, हे आपण घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं. 1688 साली योहान्स होफर नावाच्या तरुण स्विस डॉक्टरानं या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं. परगावी शिकायला आलेला एक विद्यार्थी अंथरुणाला खिळला होता. त्याला घरी न्यायला निघाले, तर वाटेतच तो सुधारू लागला. पुढं हेच दुखणं परदेशी सैन्यांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. चांगले दणकट गडी होते ते.

तयारी निघण्याच्या महिनाभर आधी सुरू करावी. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत मुलगा 1600 मीटर धावायला शिकतो, पण स्वतःचे कपडे धुणं, बटण लावणं, रोज दाढी करणं, मिळेल ते वेळेत खाणं हे तिथं कुणी शिकवत नाही. ज्या मुलाचं ताट आजवर आईनं वाढलं आणि आईनंच उचललं, त्याला पहिल्या आठवड्यात धावण्यापेक्षा या गोष्टी जड जातात. हिंदी बोलायची सवयही लावावी. आपल्या मुलांना हिंदी कळते, पण उस्तादानं एकदम प्रश्न विचारला की तोंडातून शब्द फुटत नाही. उस्ताद म्हणजे शिकवणारा हवालदार किंवा नाईक.

याच काळात घरं दोन चुका करतात. पहिली मायेची: “नाही जमलं तर परत ये, आम्ही आहोत.” आपल्याला वाटतं, यानं धीर येईल. होतं उलटंच. दार उघडं आहे म्हटल्यावर मुलाचं मन रोज त्या दाराकडेच जातं आणि समोरच्या खाटेवरच्या मुलाशी ओळखसुद्धा होत नाही. दुसरी चूक रागाची: “परत आलास तर तोंड दाखवू नकोस.” मग मुलगा खरा आजारी पडला तरी सांगत नाही. दोन्हींच्या मधलं वाक्य असं: “पहिले काही आठवडे जड जातील. सगळ्यांनाच जातात. काय होतंय ते आम्हाला सांगत जा.”

कर्जाचं ओझं मुलाच्या डोक्यावर देऊन पाठवू नये. अकॅडमीच्या फीसाठी उसने घेतलेले पैसे, बहिणीचं लग्न, बोअरवेल हे सगळं खरं असतं. अग्निवीराचं पहिल्या वर्षाचं मासिक वेतन 30,000 रुपये, त्यातले 9,000 मुदत संपल्यावर मिळणाऱ्या सेवानिधीत जातात आणि हातात 21,000 येतात. तो स्वतःहून घरी पाठवेलच. पण दर फोनला हप्त्याचा विषय निघाला, तर घराची ओढ आणि घराची धास्ती एकदमच त्याच्या छातीवर बसते.

निघण्याच्या दिवशी एक बारकं काम विसरू नये. मुलाला घरचे फोन नंबर पाठ नसतात, ते मोबाइलमध्ये असतात, आणि मोबाइल केंद्रात जमा होतो. तो कधी आणि किती वेळ मिळणार हे प्रत्येक केंद्राच्या नियमावर असतं. आमच्या भाच्यानं पासपोर्ट फोटोच्या मागं बॉलपेननं तीन नंबर लिहून नेले होते. त्याच्या बॅरकमधल्या एका मुलाला दोन आठवडे घरी फोन करता आला नाही, कारण एकही नंबर आठवेना.

निरोप छोटा ठेवावा. मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी बेंगळुरूला पोचते. वडील, नाहीतर काका, एकच जण सोबत आला तरी पुरतो. केंद्राच्या फाटकापर्यंत सगळं घर आलं की मुलाला सगळ्यांसमोर रडू आवरावं लागतं, आणि ते त्याला लाजिरवाणं होतं. आईनं घरच्या उंबऱ्यावर रडून घ्यावं. त्यात काही वाईट नाही.

मग येते ती शांतता. चार दिवस, आठ दिवस, कधी त्याहून जास्त, फोन नाही. याच वेळी घरचे सर्वांत जास्त घाबरतात आणि गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाला फोन लावत सुटतात. आत काय चाललेलं असतं ते सांगते. कागदपत्रं तपासतात, वैद्यकीय तपासणी होते, केस कापतात, कपडे-बूट-ट्रंक मिळते, नंबर म्हणजे सैनिक क्रमांक मिळतो, बॅरकमध्ये खाट मिळते. पहाटे उठून फॉलइन, म्हणजे रांगेत हजेरी. मुलाला दिवस कुठं गेला ते कळत नाही. फोन नाही याचा अर्थ बहुधा एवढाच, की त्याला सवड नाही.

या दिवसांत अनोळखी नंबर उचलावेत, कारण मुलगा कुणाच्या तरी नाहीतर केंद्रातल्या फोनवरून बोलणार असतो. पण “तुमच्या मुलाला लागलंय, अमुक रक्कम लगेच पाठवा” किंवा “चांगला ट्रेड (कामाचा प्रकार) मिळवून देतो” असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवावा. जवानाचा औषधोपचार सरकार करतं. पैसे मागणारा माणूस लबाड आहे, हे गृहीत धरून चालावं.

आता तो पहिला फोन. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथंच.

बहिणीच्या घरी तो रविवारी चारच्या सुमाराला आला. मागं रांगेत मुलं उभी होती, सात-आठ मिनिटं मिळाली असतील. बहिणीनं “बाळा” म्हटलं आणि दोघंही रडले. मग फोन वडिलांकडे, आजीकडे, काकूकडे, धाकट्याकडे फिरला. प्रत्येकानं “जेवलास का” एवढंच विचारलं, प्रत्येकाचा गळा दाटला आणि वेळ संपली. त्या मुलाला काय सांगायचं होतं, ते तसंच राहिलं.

आपण असं करावं. फोनवर एकानं बोलावं, फार तर दोघांनी. कुणी बोलायचं ते आधी ठरवावं. पहिली दोन मिनिटं त्याला बोलू द्यावं, मधे तोडू नये, “रडू नकोस” म्हणू नये. “तुला घरची फार आठवण येतीय, मला कळतंय” एवढं म्हटलं की तो थोडा निवळतो. मग उत्तर देता येईल असे साधे प्रश्न. शेजारच्या खाटेवर कोण आहे? कुठल्या गावचा? लंगरमध्ये आज काय होतं? लंगर म्हणजे जवानांचं सामाईक स्वयंपाकघर. बूट चावतायत का? अशा प्रश्नांनी त्याचं मन जिथं तो आहे तिथं येतं. “कसा आहेस?” या प्रश्नाला रडण्याशिवाय उत्तर नसतं.

“न्यायला या” म्हणाला, तर हो म्हणू नये आणि भांडूही नये. “बघू”सुद्धा म्हणू नये. मुलगा त्या ‘बघू’वर आठवडा काढतो. “पुढच्या रविवारी आपण परत बोलू, मी फोन हातात घेऊन बसेन” असं सांगावं आणि खरंच बसावं. लांबची मुदत या वयात दिसत नाही. रविवार ते रविवार दिसतं. दर वेळी तेवढंच पुढं ढकलावं.

आणि एक गोष्ट लक्षात घ्यावी. फोन ठेवल्यावर मुलगा अर्ध्या तासात तोंड धुऊन बूट पुसायला बसलेला असतो, संध्याकाळच्या हजेरीला उभा राहतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. त्याचं रडणं आपल्याकडेच राहिलेलं असतं. आपण ते आठवडाभर घरात वागवतो आणि पुढच्या रविवारी त्याच रडवेल्या आवाजात फोन उचलतो. तोवर तो तिथून पुढं सरकलेला असतो, आपण त्याला मागं ओढतो.

फोनपेक्षा पत्र जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे. फोन संपतो, पत्र ट्रंकेत राहतं. पोस्टात अंतर्देशीय पत्र अजून अडीच रुपयांना मिळतं. पत्त्यात मुलाचं पूर्ण नाव, त्याचा नंबर, कंपनी, प्लाटून, केंद्राचं नाव आणि बेंगळुरूचा पिनकोड हवा. नंबर आणि कंपनी नसली की पत्र आतच फिरत राहतं, कारण एकाच आडनावाची मुलं भरपूर असतात. प्लाटून म्हणजे कंपनीतली लहान तुकडी.

पत्रात काय लिहावं? बहिणीनं पहिल्या पत्रात “तुझ्याशिवाय घर खायला उठतं” असं लिहिलं. मी तिला म्हटलं, ताई, हे वाचून तो पोरगा काय करेल गं? दुसऱ्या पत्रात तिनं लिहिलं की उसाला तोड आली, टोळी बीडकडची आहे, त्यांच्यातल्या एका मुलाला थंडी वाजत होती म्हणून तुझा जुना निळा स्वेटर दिला, तुला आता तो होणारही नाही. भाचा पुढं सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, मावशी, ते स्वेटरचं मी कितीदा वाचलं असेल. घर आपल्या जागी आहे, रोजच्यासारखं चाललंय आणि त्यात आपलीही जागा आहे, एवढं मुलाला पत्रातून कळलं की त्याचे पाय तिथं टेकतात.

खाऊचं पार्सल पाठवण्याआधी चालतं का ते मुलाला विचारावं. पाठवलंच तर टिकाऊ, आणि बॅरकमध्ये वाटून संपेल एवढं. एकट्यानं ट्रंकेत लपवून खाल्लेला लाडू त्याला अजून एकटा पाडतो. वाटलेल्या चकलीवर मैत्री होते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शरीर बोलू लागतं. नडगी दुखते, टाचेला फोड येतात. धावणं एकदम वाढलं की हाडाला केसासारखी बारीक चीर जाऊ शकते, त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. मुलं हे लपवतात. आठवडे बुडले तर रेलिगेट होऊ, म्हणजे मागच्या तुकडीत ढकलले जाऊ, ही भीती असते. घरूनच त्याला सांगावं: एमआय रूममध्ये जा. एमआय रूम म्हणजे केंद्रातला दवाखाना. वेळेत दाखवलं तर काही आठवडे जातात, चिरलेल्या पायानं धावत राहिलं तर हाड पुरतं मोडू शकतं. रेलिगेट होणं म्हणजे घरी परत पाठवणं नव्हे. उशीर होतो, एवढ्यानं लगेच नोकरी जात नाही.

घरची आठवण सहसा कशी ओसरते? दिवसा कमी होते, रात्री आणि रविवारी राहते. बोलण्यात मित्रांची नावं येऊ लागतात, उस्तादाची तक्रार येऊ लागते. तक्रार आली की समजावं, मुलगा तिथं रुळतोय.

तसं न होता दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप नाही, खाणं सुटलंय, कुणाशी बोलत नाही, आवाज अगदी सपाट झालाय, “जगून काय करायचं” असं काही निघतंय, तर ती नुसती घरची ओढ राहिलेली नाही. तिथं रविवारची वाट बघू नये, त्याच दिवशी केंद्राला कळवावं. कोणाला, ते पुढं सांगते. स्वतःसाठीही मदत घ्यावी. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तिचं देशभरातलं काम बेंगळुरूच्याच निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतून जोडलेलं आहे. सैन्यातल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलिमानसचा वेगळा कक्षही आहे.

केंद्रात बोलायचं तर उतरंड समजून घ्यावी. मुलाच्या सगळ्यात जवळ असतो त्याचा उस्ताद, त्यावर प्लाटूनचे सुभेदार किंवा नायब सुभेदार साहेब, त्यावर कंपनी कमांडर, जे अधिकारी असतात. धर्मगुरूही असतात, ते स्वतः जेसीओ म्हणजे सुभेदार दर्जाचे असतात आणि मुलं त्यांच्यापाशी मन मोकळं करतात. फोन करताना मुलाचा नंबर, नाव, कंपनी सांगून शांतपणे बोलावं. “मुलगा रात्री झोपत नाही, फोनवर असं असं म्हणाला, कृपा करून लक्ष द्या.” आमदारांकडून फोन करवू नये. त्यानं मुलाचं नाव चुकीच्या कारणासाठी सगळ्यांच्या लक्षात राहतं.

घरी वाईट काही घडलं तर? आजी गेली, वडिलांना अपघात झाला, तर “परीक्षा संपेपर्यंत त्याला सांगू नका” असं म्हणणारे नातेवाईक निघतात. त्यांचं ऐकू नये. मुलाला ते गावातल्या मित्राच्या स्टेटसवरून कळतं, आणि मग घरचं एकही वाक्य त्याला खरं वाटत नाही. कंपनीत कळवावं, मुलाला त्यांनी समोर बसवून सांगावं असं म्हणावं आणि रजेचा निर्णय त्यांच्यावर सोडावा.

एखादा मुलगा न सांगता निघून येतो. दारात उभा दिसला की आईला आनंदच होतो. पण त्याच दिवशी, जेवू घालून, केंद्राला फोन करावा आणि पहिल्या गाडीनं सोबत जाऊन त्याला हजर करावं. भरती झालेला मुलगा 1950 च्या आर्मी ॲक्टखाली येतो, आणि विनारजा गैरहजर राहणं हा त्यात गुन्हा आहे. गैरहजेरीला 30 दिवस झाले की चौकशी मंडळ बसतं, पोलिसांनाही कळवलं जातं. दोन दिवसांत स्वतःहून परतलेला मुलगा आणि महिन्यानं पोलिसांनी आणलेला मुलगा यांच्याकडे बघण्याची नजर वेगळी असते. अग्निवीराला स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी सेवा सोडता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत वरिष्ठांच्या मंजुरीनं सुटका होऊ शकते. ती मागायचीच असेल, तर अर्ज आत राहूनच करायचा.

दहाव्या आठवड्यानंतर फोन लहान होत जातात. “जमतंय” म्हणतो आणि ठेवतो. मग आईलाच चुकल्यासारखं होतं. बहीण मला म्हणाली, आता तो रडतसुद्धा नाही गं. तिची समजूत काढायला मला त्या वेळी जास्त दिवस लागले.

शेवटी कसम परेड. धर्मग्रंथावर नाहीतर तिरंग्यावर हात ठेवून मुलं शपथ घेतात आणि त्या दिवसापासून रंगरूट हा शब्द सुटतो. परेडनंतर बऱ्याच केंद्रांत आईवडिलांना गौरव पदक दिलं जातं. 2021 साली त्या 83 मुलींचा सोहळा कोविडचे नियम पाळून साधेपणानं करावा लागला होता. आता घरच्यांना बोलावतात.

तारीख बहुधा थोडेच दिवस आधी कळते आणि रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा अंदाजानं पुढची-मागची दोन तिकिटं काढून ठेवावीत, लागणार नाही ते रद्द करावं. प्रत्येकाचं आधार कार्ड सोबत घ्यावं, फाटकावर लागतं. उन्हात तीन तास बसावं लागेल, म्हणून टोपी आणि पाणी. आणि आजी चालू शकत असेल तर तिला मागं ठेवू नका, पहिलं तिकीट तिचं काढा.